आईंचा गुरुवार

आमच्या फॅमिली ग्रुपवर दुपारपासून एक व्हिडिओ फिरतोय. माझ्या सासूबाई दारात उभ्या आहेत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि मागून आमच्याच घरातला एक आवाज ओरडतोय, "आई निघाल्या बघा भाऊबीजेला, पाणघोड्याला ओवाळायला!" मग सगळं घर हसतंय. व्हिडिओखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आवाज कोणाचा ते लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचा त्यांनी ओळखलाय.

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर उद्या सकाळी 'सणासुदीला वहिनी भांडल्या' एवढंच उरलं असतं. म्हणून इथे लिहितेय. इथे माझ्या मैत्रिणी आहेत, शाळेतले आहेत, ऑफिसातले आहेत, आणि ग्रुपवरचे निम्मे लोक इथेही आहेत. वाचा शांतपणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही चिंचपोकळीला राहतो. आमच्या आई दर गुरुवारी राणीच्या बागेत जातात, पाणघोडा बघायला. बुधवारी बाग बंद असते, त्यामुळे गुरुवारी तो निवांत असतो असं त्यांचं म्हणणं. नातवंडांना घेऊन जात नाहीत, भिशीतल्या बायकांबरोबर जात नाहीत, एकट्या जातात. पेंग्विन नको, वाघ नको. सरळ पाणघोड्याच्या कठड्याशी जाऊन तासभर उभ्या राहतात आणि येताना भायखळ्याहून भाजी घेऊन घरी येतात. घरातलं एक काम त्यापायी अडत नाही. तरी आमच्याकडे कुठलाही सण असो, चार माणसं जमली की पहिला विषय पाणघोडा.

मी मे महिन्यात एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. रजा होती, ऊन मी म्हणत होतं, आणि मला खरंच बघायचं होतं की या बाई तिथे करतात काय. कठड्याचं एकदम कडेचं टोक, जिथून नीट दिसतही नाही, तिथे जाऊन त्या उभ्या राहिल्या. छत्री उघडली. मला वाटलं आता हाक मारतील, हात हलवतील. काही नाही. हिरवट गढूळ पाणी आणि त्यात दगडासारखं काहीतरी काळं. बराच वेळ तो दगडच होता. मग अचानक नाकपुड्या उघडल्या, फुस्स करून हवा आली, दोन डोळे वर आले आणि दोन चिमुकले कान गर्रकन फिरले. पाण्याचे थेंब उडाले. डाव्या कानाच्या कडेला छोटी खाच आहे. तिथे पाणघोडे आणखीही आहेत, पण आईंचा तो हा, खाचेचा. आई म्हणाल्या, "बघ गो, कान हलयता." इतका वेळ उभ्या होत्या त्यात स्वतःहून एवढंच बोलल्या.

त्यांच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तो चेहरा बघतेय, पण इतका रिकामा, इतका हलका कधी बघितला नव्हता. घरात आईंच्या चेहऱ्यावर कायम काहीतरी चाललेलं असतं. दूध आलं का, मीठ संपलं का, कोण जेवायचं राहिलंय. तिथे काहीच नव्हतं.

हे मी गणपतीत सांगितलं तर घरातल्या शहाण्यांचं उत्तर काय? "पाणघोडे पाण्यातून वर आले की कान झटकतातच. त्याला काय माहीत आई कोण!" झटकत असतील. नसेल माहीत. बरं मग? देवळातल्या मूर्तीला माहीत असतं का, आज रांगेत कोण आलंय? आई दर मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत दोन दोन तास उभ्या राहिल्या असत्या तर तुम्हीच कौतुक केलं असतं, या वयात किती उत्साह म्हणून. भजनी मंडळात गेल्या असत्या तर वाढदिवसाला टाळ आणून दिले असते. रात्रीच्या मालिकेतल्या सुनेसाठी डोळ्यांतून पाणी काढतात बायका, त्याला कोणी हसत नाही. सत्तरीतल्या बाईने नातवात रमावं, देवात रमावं, टीव्हीसमोर रमावं, याची आपल्याकडे परवानगी आहे. पाणघोड्यात रमलं की व्हिडिओ!

पुतण्याचं एक मात्र चांगलं. तो इंजिनिअरिंगला आहे, त्याने त्या दिवशी आजीची बाजू घेतली. 2022 मध्ये म्हणे मोझांबिकमध्ये शास्त्रज्ञांनी पाणघोड्यांना पाणघोड्यांचेच रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवून बघितले. ओळखीच्या कळपाचा आवाज आला की ते फारसे बिथरत नाहीत, परक्याचा आवाज आला की जास्त बिथरतात, शेपटी हलवून शेण उडवतात. म्हणजे आवाज ओळखतात, काकू, असं तो मला पटवत होता. गुणी पोर. पण आई तिथे बोलतच नाहीत रे बाळा. त्यांना ओळख पटवून घ्यायचीच नाहीये.

आता थोडं मागचं सांगते, कारण नवीन पोरांना हे माहीतच नाही आणि जुने सोयीस्कर विसरलेत.

सासरे गिरणीत होते. आई लग्न होऊन कणकवलीकडून आल्या आणि आल्या त्याच वर्षी घरात खाणावळ सुरू झाली. दोन खोल्या. गावाकडची एकटी माणसं जेवायला यायची, पाळी बदलली की पंगत बदलायची. पहाटेच्या पाळीवाल्यांना आधी, रातपाळी करून आलेल्यांना नंतर, मधे आपली पोरं, शेवटी स्वतः. 1982 च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा संप झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, जेवायला येणारे गावाला गेले ते गेलेच. उधाऱ्या बुडाल्या. सासऱ्यांची गिरणी पुन्हा धड सुरू झाली नाही. मग आईंनी डबे सुरू केले. त्या डब्यांवर तीन पोरं शिकली. आज ठाण्याला आणि डोंबिवलीला ज्यांचे ब्लॉक आहेत, ज्यांच्या हातात महागडे फोन आहेत आणि त्या फोनवर आज हा व्हिडिओ काढला गेला, त्या सगळ्यांच्या अंगात त्या डब्यांचं मीठ आहे.

राणीच्या बागेत आई तेव्हाही जायच्या. 1862 पासूनची बाग ती, गिरणगावातल्या पोरांची सुट्टी तिथेच जायची. आमचे हे सांगतात, सुट्टीत चाळीतली सगळी पोरं एकत्र निघायची आणि आई बरोबर. तो घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे ना संग्रहालयाजवळ, तिकडे झाडाखाली चादर टाकायच्या, डबे उघडायच्या, पोरं मोजायच्या. पोरं प्राणी बघून यायची, जेवायची, परत पळायची. आईंनी एकदाही एकही प्राणी बघितला नाही. डब्यांजवळ कोणीतरी बसायला हवं होतं ना. हे सांगताना ह्यांना हसू येतं, माझ्या पोटात कालवतं.

आणि आता त्या जातात ते कुठे, तर जिथे पाटी लावलीय की प्राण्यांना काही खायला घालू नये. मी त्यांना मे महिन्यात परत निघताना विचारलं होतं, आई, पाणघोडाच का? हरणं आहेत, पक्षी आहेत, किती गोड. गेटपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्येका माझ्याकडसून कायएक नको."

मला रस्त्यात रडू आलं. आत्ता लिहितानाही येतंय.

जन्मभर ज्या बाईच्या दारात आलेला प्रत्येक जण ताट घेऊन बसला, तिला एक जीव असा भेटला की ज्याच्यासाठी तिने काहीही करायचं नाही. त्याचा चारा वेगळा आहे, माणसं वेगळी आहेत, वेळ ठरलेली आहे. आईंनी फक्त उभं राहायचं. तो वर आला तर आला. नाही आला तर पुढच्या गुरुवारी. तुम्ही म्हणता ही मैत्री नाही. आपल्या एवढ्या गोतावळ्यात मला एक माणूस दाखवा ज्याच्याजवळ आई तासभर काहीही न करता उभ्या राहू शकतात.

बरं, नुसतं बघतात असंही नाही. त्यांना त्याच्याबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं तुम्हाला तुमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याबद्दल माहीत नसेल. एकदा घाबऱ्याघुबऱ्या घरी आल्या, म्हणाल्या त्याच्या पाठीवर रक्त आहे. जेवल्या नाहीत धड. दुसऱ्या दिवशी परत गेल्या आणि तिथल्या माणसाला गाठून विचारलं. त्याने नीट समजावलं, की आजी, ते रक्त नाही, याच्या कातडीतूनच असं लालसर चिकट पाझरतं, त्याने उन्हापासून कातडी राखली जाते. एवढा मोठा प्राणी पण ऊन सोसत नाही, म्हणून दिवसभर पाण्यात आणि चरायचं ते रात्री. आईंनी घरी येऊन हे सगळं मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं. किती खुशीत होत्या! या घरात त्या बाहेरून काहीतरी नवीन ऐकून आल्या आणि ते दुसऱ्याला सांगितलं, असं मी पहिल्यांदा बघत होते. एरवी त्या ऐकणाऱ्या, आपण सांगणारे.

आता आजच्या दिवसाकडे येते.

धाकटे मामा या पावसाळ्यात गेले. आईंचा शेवटचा भाऊ. दरवर्षी भाऊबीजेला कणकवलीहून यायचे, कोकम आणायचे, रात्रीच्या गाडीने परत जायचे. आज पहिली भाऊबीज त्यांच्याशिवाय. हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नका, बाराव्याला सगळे होतात. सकाळपासून वन्सं आपल्या भावांना ओवाळतायत, मुली आपल्या भावांना ओवाळतायत, पाट मांडलाय, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. हे सगळं साहित्य काढून कोणी दिलं? आईंनी. रात्री वड्यांचं पीठ कोणी मळून ठेवलं? काळ्या वाटाण्याचं सांबारं कोणी केलं? आणि त्या गर्दीत त्यांना एकटीला ओवाळायला कोणी नव्हतं. गुरुवार होता. त्यांनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, मी जरा जाऊन येते, जेवायच्या आत येते.

तेवढंच हवं होतं त्यांना. पाणघोड्याला ओवाळायचं नव्हतं. घरातून तासभर बाहेर पडायचं होतं, जिथे भाऊबीज नाही अशा ठिकाणी उभं राहायचं होतं.

आणि तुम्हाला विनोद सुचला.

आपल्याकडे भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचं असतं. आपल्या आज्यांनी ओवाळलंय. कोणी हसलं नाही. का नाही हसलं? कारण भाऊबीजेला भाऊ नसणं म्हणजे काय ते त्यांना कळत होतं, म्हणून तर कोणीतरी ती वाट काढून ठेवली. चंद्र चालतो. मग समजा, समजा हं, आई त्या कठड्याशी उभ्या राहून मनातल्या मनात त्या खाचेच्या कानावरून निरांजन फिरवणार असतील, तरी तुमचं काय गेलं?

मी आत तळणाशी होते. बाहेर आले तोवर हसणं झालं होतं आणि आई चपला काढून परत ठेवत होत्या. म्हणाल्या, राहू दे, वडे गरम गरम वाढायला हवेत. आणि आत येऊन माझ्या हातातला झारा घेतला. मग सगळ्यांनी भरपूर जेवलं. आईंसारखे वडे कोणालाच जमत नाहीत म्हणून तारीफही झाली.

मान्य आहे, चेष्टा होती. वाईट मनाने कोणी बोललं नाही. ज्यांचा तो आवाज आहे त्यांचा आईंवर जीव आहे हेही मला माहीत आहे, मोतीबिंदूच्या वेळी रात्रभर दवाखान्यात तेच बसले होते. पण दवाखान्यात बसणं सोपं असतं हो. आजारी आई आपल्याला कळते. औषध आणायचं, पाय चेपायचे. धडधाकट आई स्वतःच्या मर्जीने छत्री घेऊन निघाली की आपली पंचाईत होते, कारण ती कुठे निघाली त्यात आपण नसतो.

मे महिन्यातली आणखी एक गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. आईंनीच नको म्हटलं होतं. आज सांगते.

आम्ही उभ्या होतो तिथे एक कुटुंब आलं, बारा-पंधरा माणसं, सुट्टीला आलेली असावीत, आपल्यासारखीच. आरडाओरडा. "ए ऊठ! तोंड उघड!" 2017 मध्ये तिकीट पाचाचं पन्नास झालं तेव्हापासून लोकांना वाटतं पैसे दिलेत म्हणजे प्राण्याने खेळ दाखवलाच पाहिजे. आणि योगायोग असा की त्याच वेळी तो काठाशी आला आणि त्याने जबडा उघडला. तो जबडा मी आयुष्यात विसरणार नाही. गुलाबी, ओला, आणि खालचे ते सुळे. त्यातल्या एका माणसाने हातातलं वेफर्सचं रिकामं पाकीट चुरगाळून गोळा केला आणि नेम धरायला हात वर केला. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

आईंनी छत्री टाकली. दोन पावलांत त्याच्याजवळ गेल्या आणि त्याचं मनगट धरलं. माझ्या सासूबाईंनी. ज्या घरात आवाज चढवत नाहीत, ज्या जावयासमोर डोक्यावरून पदर घेतात. "तेच्या पोटात गेला तर काढूक तू येतलंस?" असं त्याच्या डोळ्यात बघून म्हणाल्या. तो धिप्पाड माणूस होता. त्याला मालवणी कळलं की नाही देव जाणे, पण त्याने हात खाली घेतला. त्याच्या बायकोने ते पाकीट त्याच्या हातातून काढून पर्समध्ये टाकलं. प्लॅस्टिक पोटात अडकलं की असे प्राणी तडफडून जातात, हे आईंना त्या तिथल्याच माणसाने सांगितलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

मी छत्री उचलून दिली. आईंचा हात थरथरत होता. म्हणाल्या, घरी बोलू नको.

त्या स्वतःसाठी कधी असं कोणाचं मनगट धरणार नाहीत. आज दारात उभ्या होत्या तेव्हाही धरलं नाही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येईलच की प्राणिसंग्रहालय हीच मुळात कैद आहे, आफ्रिकेतल्या नदीतला प्राणी भायखळ्याच्या हौदात ठेवायचा आणि त्याच्याशी मैत्रीच्या गप्पा मारायच्या. खरं आहे तुमचं. मलाही त्या पाण्याकडे बघून बरं वाटलं नाही, जागा अजून मोठी हवी, पाणी अजून स्वच्छ हवं. पण तो तिथे आहे, आज आहे, आणि रोज हजारो माणसं त्याच्यासमोरून जातात. त्यातल्या किती जणांना त्याच्या कानाची खाच माहीत आहे? आणि कोणी म्हणेल पाणघोडा किती धोकादायक असतो, माणसं मारतो. मारतो. म्हणून तर कठडा आहे. आईंनी कठड्याच्या पलीकडे बोटसुद्धा नेलेलं नाही. आपल्या माणसांत कठड्याची ही समज असती तर किती बरं झालं असतं.

राग येऊन येऊन आता हात दुखायला लागला. जरा पाणी पिऊन आले. आई झोपल्यात. ओट्यावरची भांडी मला घासू दिली नाहीत, त्यांनीच घासली.

वन्सं, तुमच्यासाठी दोन ओळी वेगळ्या. तुम्ही हसला नाहीत हे मी व्हिडिओत बघितलं. तुम्ही आईंकडे बघत होतात. तुम्हाला लहानपणीची ती झाडाखालची चादर आठवत असेल, तुम्ही सगळ्यात मोठ्या, तुम्हीच आईंबरोबर डब्यांजवळ बसायचात असं हे सांगतात. तुम्हीपण तेव्हा फारसे प्राणी बघितले नसणार. तुमच्यावर माझा राग नाही.

बाकीच्यांना. व्हिडिओ ज्याने टाकलाय त्याने सगळ्यांसाठी डिलीट करावा, आजच्या आज. फोनमधूनही काढावा. आईंना सॉरी म्हणायला फोन करू नका, त्या "अरे त्यात काय" म्हणतील आणि तुम्ही सुटाल. तुळशीच्या लग्नाला सगळे परत येणार आहातच, तेव्हा आईंना खुर्चीवर बसवा आणि विचारा की पाणघोडा कसा आहे. खरंच विचारा, आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐका. त्या लाल पाझरण्याचं विचारा. रात्री किती गवत खातो ते विचारा, त्यांना माहीत आहे. तो देवमाशाचा नातेवाईक आहे हे पुतण्याने त्यांना सांगितलंय, तेव्हापासून त्यांना त्याचा आणखीच अभिमान वाटतो.

उद्या मी रजा टाकली आहे. गुरुवार चुकला तर शुक्रवारी. आई आणि मी सकाळी निघू. ज्यांचा उद्या दुपारी आमच्याकडे मुक्काम होता आणि जे "वहिनी, उद्या माशांचं काहीतरी करा" म्हणून गेलेत, त्यांनी आपापली सोय बघावी. वन्सं, तुम्हाला यायचं असेल तर दहाला गेटपाशी या. बाकी कोणाला आणू नका. डबा आणू नका. घरी आल्यावर आम्ही दोघी चिवडा खाऊ, चुलीला उद्या सुट्टी आहे.